होडीचा सांधा

श्रोतेहो, होडी कशाने बुडते असे विचारले तर बहुतेकजण म्हणतील, लाटेने, नाहीतर वादळाने. जुना तांडेल मात्र उलटा प्रश्न करतो. तो म्हणेल, ते खरे, पण पाणी आत शिरले कोठून? त्याचा रोख सांध्यावर असतो. दोन वस्तू जेथे जोडल्या जातात तेथेच समुद्र आपली परीक्षा घेतो. आज आपण या सांध्याचीच गोष्ट पाहू. दोरीने शिवलेल्या जहाजापासून ती सुरू होते आणि फायबरच्या नौकेपर्यंत येते.

मुंबईच्या पूर्व अंगाला मानखुर्द आहे. पूर्वी हे तुर्भे बेटावरचे एक गाव होते. मानखुर्द सोडून वाशीकडे निघालेली आगगाडी थोड्याच वेळात ठाण्याच्या खाडीवर येते. या रुळावरून गाड्या धावू लागल्या त्या १९९२ साली. मोटारींचा पहिला पूल झाला १९७३ साली. त्याआधी पलीकडे जायचे तर होडीत बसायचे, नाहीतर ठाण्याचा वळसा घ्यायचा. म्हणजे या काठच्या माणसांचे जाणेयेणे, बाजार आणि मासेमारी हे सारे होडीवर अवलंबून होते, आणि होडी सांध्यावर.

आपल्या किनाऱ्यावर हे काम फार जुने आहे. याच उपनगरांत बोरिवलीजवळ एकसर येथे काही वीरगळ आहेत. वल्ह्यांच्या नौकांची लढाई त्यांवर कोरलेली दिसते. अजिंठ्याच्या भिंतींवरही जहाजांची चित्रे आहेत. अशा काळी अरबी समुद्रातली पुष्कळशी जहाजे खिळ्यांनी ठोकलेली नसत, चक्क शिवलेली असत. फळीच्या कडेला भोके पाडायची, दोन फळ्या एकमेकींना भिडवायच्या, सांध्यावर काथ्याची वळकटी ठेवायची आणि काथ्याच्याच दोरीने घट्ट टाके घालायचे. मग राळ आणि तेल लावून भोके बुजवायची. गोधडी शिवावी तसे जहाज शिवत, म्हणा ना! अशा जहाजाचे अंग लवचिक असे. वाळूवर आदळले तर फळी मोडण्याऐवजी थोडी दबे. तेराव्या शतकात मार्को पोलोने इराणच्या किनाऱ्यावर अशी जहाजे पाहिली, तेव्हा तो त्यांना चांगलाच घाबरला होता. पण त्याच जहाजांतून शतकानुशतके व्यापार चालला होता. हे तंत्र अजून जिवंत आहे, हेही पाहा. अजिंठ्याच्या चित्रावरून गोव्यात असे शिवलेले जहाज नव्याने बांधण्यात आले. २०२५ च्या मे महिन्यात भारतीय नौदलाने 'कौंडिण्य' या नावाने ते कारवारला आपल्या ताफ्यात घेतले.

पुढे खिळे आले. शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतली आणि खाडीकाठी आरमाराची उभारणी सुरू झाली. पुढे विजयदुर्गजवळ गिर्ये येथे आंग्र्यांची गोदी झाली. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी स्पष्ट सूचना आहे. सागासारखे लाकूड रीतसर परवानगीने तोडावे. पण आंबा-फणसाला हात लावू नये, कारण रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात. आपली गलबते रयतेच्या अश्रूंवर तरंगू नयेत, हा विचार त्या काळच्या राज्यकारभारात होता. शिक्षकबंधूंनी मुलांना हे जरूर सांगावे.

लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले. मुंबईची पहिली कोरडी गोदी १७५० साली तयार झाली. पश्चिम किनाऱ्यावरच्या सुतारांची फळ्या जोडण्याची एक खास रीत होती. दोन फळ्यांच्या कडा सपाट न ठेवता त्यांना खाच पाडत, म्हणजे एक कड दुसरीत जाऊन बसे. खाचेत राळेत भिजवलेला कापूस घालत आणि मग खिळे मारत. अठराव्या शतकातल्या युरोपीय प्रवाशांनी या रीतीची वाखाणणी केली आहे. शिवाय लाकूड सागाचे. ओकच्या लाकडातल्या आम्लाने लोखंडी खिळा खाल्ला जातो. सागाच्या तेलकट लाकडात तो टिकतो. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली येथे १८१० साली 'मिंडेन' आणि १८१७ साली 'त्रिंकोमाली' ही लढाऊ जहाजे बांधली गेली. त्यांपैकी 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर उभे आहे. दोनशे वर्षे उलटून गेली! मधल्या काळात त्याची मोठी दुरुस्ती झाली, हे खरे. पण मूळ बांधणी कच्ची असती तर दुरुस्त करायला काय उरले असते?

आता लाकडी होडीचे एक मर्म लक्षात घ्या. कुऱ्हाडीचा दांडा ढिला झाला की शेतकरी काय करतो? कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवतो. लाकूड फुगते आणि दांडा घट्ट बसतो. लाकडी होडीचेही तसेच आहे. पाण्यात उतरली की फळ्या फुगतात आणि सांधे आपोआप आवळले जातात. तरीही कोळी बांधव होडीला तिच्या नशिबावर सोडत नाहीत. पावसाळ्यात होडी वर ओढली की सुतार एकेक सांधा पाहतो. कुजलेला कापूस उकरून काढतो, तेल लावलेला नवा कापूस बोथट छिन्नीने आणि मोगरीने ठोकून बसवतो, वरून राळ भरतो. नारळी पौर्णिमेला होडी पुन्हा पाण्यात जाते ती अशी तयार होऊन. लाकडी होडीला शेकडो सांधे, म्हणून दर वर्षी शेकडो सांध्यांवर माणसाची नजर फिरे.

मग आली फायबरची होडी. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिका-युरोपात अशा होड्या होऊ लागल्या, आणि आज त्या आपल्या खाड्यांतही सर्रास दिसतात. काचेच्या तंतूंचे कापड साच्यात पसरतात, त्यावर रेझिन ओततात, थरावर थर देतात. थर सुकले की होडीचे पोट एकसंध निघते. फळ्या नाहीत, खिळे नाहीत, फटी नाहीत. लोकांना वाटले, सांध्याची कटकट कायमची मिटली!

पण तसे झाले नाही. डेक असलेली शिडाची नौका एका साच्यातून निघत नाही. पोट एका साच्यातून निघते आणि वरचा डेक दुसऱ्यातून. मग डब्यावर झाकण बसवावे तसा डेक पोटावर बसवतात. कोठे पोटाची कड आत वळवून तिच्यावर डेक ठेवतात, तर कोठे डेकचीच कड बाहेरून खाली येते. मध्ये चिकट लुकण, म्हणजे सीलंट, आणि जागोजाग बोल्ट किंवा स्क्रू. शेकडो सांधे गेले आणि नौकेच्या काठाने सगळीकडे फिरणारा एकच सांधा उरला. तोही पाण्याच्या वर, पट्टीखाली झाकलेला. म्हणून त्याकडे कोणी पाहत नाही, आणि धोका आहे तो तेथेच. फायबर काही लाकडासारखे फुगत नाही. फट पडली की ती आपली आपण मिटत नाही.

शिडाच्या ताणाने नौका पिळवटते, धक्क्याला काठ आपटतो, उन्हाने लुकण कडक होते. मग पाणी केसाएवढ्या वाटेने आत येते. शिरते नाळेजवळ आणि ठिबकते पार मागच्या बाजूला! कित्येक नौकांच्या डेकच्या दोन थरांमध्ये हलके लाकूड भरलेले असते. त्यात पाणी मुरले की वरून चकचकीत दिसणारा डेक आतून कुजतो. खवळलेल्या समुद्रात काठ पाण्याखाली जातो तेव्हा हीच वाट जिवावर बेतते.

जुन्या नौकेच्या या दुखण्याला उपाय आहे, पण घाई चालत नाही. पहिले काम म्हणजे पाण्याची वाट शोधणे. एकाने आत बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून नळीने पाणी सोडावे. सुरुवात खालून करावी आणि हळूहळू वर जावे. वरून ओतले तर पाणी सगळीकडे पसरते, मग नेमकी फट कळत नाही. दुसरी रीत सायकलच्या पंक्चरसारखी आहे. नौका बंद करून पंख्याने आत हवा कोंडावी आणि बाहेरून सांध्यावर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडा आला की समजावे, चोर येथे आहे.

मग बाहेरची पट्टी काढावी आणि जुने लुकण खरवडून पूर्ण काढावे. जुन्यावर नवे थापले तर ते धरत नाही. सांधा गोड्या पाण्याने धुवावा, कारण राहिलेले मीठ हवेतला ओलावा ओढून घेते. नंतर तो चांगला सुकू द्यावा. फायबर घासताना नाकातोंडावर मास्क हवाच. ती धूळ म्हणजे काचेची धूळ असते. लुकण नौकेसाठीचे, रबरासारखे लवचिक राहणारे निवडावे. बाजारात स्वस्त मिळणारे सिलिकॉन येथे लावू नये. एकदा लावले की त्याचा अंश राहतो आणि पुढे त्या जागी दुसरे काही चिकटत नाही. बोल्ट एकदम आवळू नयेत, नाहीतर सगळे लुकण बाहेर पिळले जाते आणि सांधा कोरडा राहतो. आधी थोडे आवळावे, लुकण धरू द्यावे, मग पुरते आवळावे. आतून हात पोहोचत असेल तर सांध्यावर काचेच्या कापडाचे थर इपॉक्सीने बसवावेत, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा रुंद. म्हणजे पोट आणि डेक जवळजवळ एकजीव होतात.

असे जपलेली जुनी नौका किती जाते? भारतीय लष्कराच्या इंजिनिअर दलातील जवान-अधिकाऱ्यांनी 'तृष्णा' नावाची ३७ फुटी नौका इंग्लंडमध्ये जुनी अशीच विकत घेतली. २८ सप्टेंबर १९८५ रोजी ती मुंबईहून निघाली आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून १० जानेवारी १९८७ ला मुंबईलाच परतली. पुढे गोव्याच्या दिवाडी बेटावर लाकूड आणि फायबर यांची 'म्हादेई' बांधली गेली. तिच्यातून दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली एकट्याने, मध्ये चार बंदरांत थांबून, जगप्रदक्षिणा पुरी केली. असे करणारे ते पहिले भारतीय.

शिक्षकबंधूंनो, वर्गात एक सोपा प्रयोग करा. एका फळीला भोक पाडा आणि त्यात सैल बसणारी कोरडी लाकडी खुंटी घालून फळी रात्रभर पाण्यात ठेवा. शेजारच्या भोकात प्लास्टिकची खुंटी घाला. सकाळी मुलांना दोन्ही ओढून पाहू द्या. लाकडाची खुंटी घट्ट धरून बसेल, प्लास्टिकची सहज निघून येईल. नवी वस्तू घरात आली तरी जुनी काळजी का सोडायची नाही, हे मुलांना हाताने कळेल.

आणि खाडीकाठच्या बांधवांनो, तुमच्या वाडवडिलांनी पावसाळ्यात होडी वर ओढून सांधे पाहण्याची रीत घालून दिली. होडी फायबरची झाली म्हणून ती रीत मोडू नका. यंदा होडी वर घ्याल तेव्हा काठावरची पट्टी एकदा उचलून खाली नजर टाका. अर्ध्या दिवसाचे काम आहे, पण त्या होडीत घरची माणसे बसतात.