संख्याशास्त्रातील पीएच.डी.

गोंडपिपरीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यापुढे पहिला प्रश्न मार्गदर्शकाचा असतो. २०११ साली स्थापन झालेल्या गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाच्या कक्षेत चंद्रपूर व गडचिरोली हे दोन जिल्हे येतात. तेथे या विषयाचे मान्यताप्राप्त मार्गदर्शक व रिक्त जागा आहेत काय, हे आधी पाहावे. अन्यथा नागपूर, पुणे वा कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था गाठावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनुसार पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण लागतात. राखीव प्रवर्गांना पाच टक्के सवलत आहे. संशोधनाचा कालावधी किमान तीन, कमाल सहा वर्षांचा. सीएसआयआर-नेटच्या ‘गणितीय विज्ञान’ या विषयात संख्याशास्त्राचा समावेश असतो. अधिछात्रवृत्ती मिळाली, तर घराबाहेर राहणे परवडते. खेड्यातल्या विद्यार्थ्याचा निर्णय बहुधा येथेच ठरतो.

प्रबंधाचा विषय मात्र घराजवळही सापडतो. डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी १९३६ मध्ये लंडनला पीएच.डी. मिळवली आणि पुढे, शेते यादृच्छिक रीतीने निवडून पीककापणीवरून उत्पादनाचा अंदाज बांधण्याची पद्धत देशात रुजवली. वाघांच्या बाबतीत पाऊलठशांची गणना मागे पडून २००६ पासून कॅमेऱ्यात टिपलेल्या वाघांवरून न टिपलेल्यांची संख्या काढली जाते. दाट जंगलात कॅमेरे विरळ असतील, तर हा अंदाज किती चुकतो, एवढा प्रश्नही प्रबंधाला पुरेसा आहे.