पहिला आरसा कसा करावा?

हौशी आकाशनिरीक्षकांच्या कोणत्याही मंडळात नवा माणूस आला, चार रात्री आकाश पाहून झालं, की तो एक प्रश्न हमखास विचारतो : दुर्बिणीचा आरसा घरी करता येतो का, आणि येत असेल तर सुरुवात कुठून करायची? जुन्या सभासदांनी हा प्रश्न इतक्यांदा ऐकलेला असतो, की उत्तर देण्याआधी ते एकमेकांकडे पाहतात. ‘सगळं लिहिलेलं आहे, आधी वाचून ये’ एवढं सांगून मोकळं व्हावं, असा मोह प्रत्येक मंडळात कोणाला ना कोणाला होतोच. मला मात्र या प्रश्नाविषयी मोठा आदर वाटतो. तो साडेतीनशे वर्षांचा आहे. दर पिढीत कोणी तरी तो नव्याने विचारला आणि कोणी तरी न कंटाळता पुन्हा उत्तर दिलं, म्हणूनच ही विद्या आपल्यापर्यंत पोचली, असं माझं मत आहे. आपण या प्रश्नाच्या मागावर जाऊ.

आरशाची पहिली चालती दुर्बीण आयझॅक न्यूटनने १६६८ मध्ये स्वतःच्या हाताने केली. तिचा आरसा काचेचा नव्हता, तांबे आणि कथील यांच्या चकाकणाऱ्या मिश्रधातूचा होता. तिची लांबी जेमतेम वीतभर. धातू ओतणे, घासणे, उजळणे ही सारी कामे न्यूटनने स्वतः केली. झिलईसाठी त्याने पिच वापरले, म्हणजे डांबरासारखा काळा, चिकट, दाबाखाली सावकाश वाहणारा पदार्थ. त्याचा थर देऊन त्यावर आरसा घासायचा, ही युक्ती त्याने पुढे १७०४ च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये नोंदवली. हे पिच आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहे. न्यूटनची दुसरी दुर्बीण १६७१ च्या अखेरीस लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आली, तिचे कौतुक झाले, आणि पुढची जवळपास पन्नास वर्षे या कलेत फारशी हालचाल झाली नाही. कृती माहीत होती, पण हाताला वळण लावणारे कोणी नव्हते. १७२१ मध्ये जॉन हॅडलीने सहा इंची आरशाची उत्तम दुर्बीण करून ती कोंडी फोडली. हॅडलीचा मोठेपणा असा, की आपली रीत त्याने इतरांना सांगितली. ती रीत आणि सॅम्युएल मॉलिन्यूची टिपणे रॉबर्ट स्मिथने १७३८ मध्ये छापलेल्या प्रकाशशास्त्राच्या ग्रंथात आली.

त्याच शतकात उलट वाटेने गेलेला माणूस म्हणजे जेम्स शॉर्ट. त्याच्या दुर्बिणींना युरोपभर मागणी होती, पण आरशाला अचूक आकार देण्याची रीत त्याने कोणाला सांगितली नाही. १७६८ मध्ये तो वारला. मरण्यापूर्वी त्याने आपली अवजारे नष्ट करवली, असे सांगतात. त्याचे कसब त्याच्याबरोबरच गेले. नंतर पाचच वर्षांनी, १७७३ मध्ये, बाथ शहरातल्या एका संगीतकाराच्या हाती स्मिथचा ग्रंथ पडला. हा विल्यम हर्शेल. गावातल्या एका क्वेकर पंथीयाने या छंदाचा नाद सोडला होता. त्याची अवजारे आणि अर्धवट आरसे हर्शेलने विकत घेतले आणि ती कशी वापरायची ते त्याच्याकडूनच समजून घेतले. ग्रंथ घरात असूनही त्याला एका माणसाला विचारावे लागले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्याची बहीण कॅरोलाइन हिने लिहून ठेवले आहे, की झिलईच्या वेळी तो सोळा-सोळा तास आरशावरून हात काढत नसे आणि तिला घास त्याच्या तोंडात भरवावे लागत. ओतकामाचा साचा माती आणि कुटलेली घोड्याची लीद यांचा असे. १७८१ च्या ऑगस्टमध्ये भट्टीतून गळालेल्या तप्त धातूने तळघराच्या फरशा फुटून उडाल्या आणि सगळ्यांना पळ काढावा लागला. त्याच वर्षीच्या १३ मार्चला, स्वतः घासलेल्या आरशातून, त्याला युरेनस सापडला होता. एवढे करूनही झिलईची आपली पद्धत हर्शेलने प्रसिद्ध केली नाही. विचारून शिकलेल्या माणसाने पुढच्यासाठी दार बंद ठेवले, याची मला खंत वाटते. याउलट प्लिमथचा डॉक्टर जॉन मज आज कोणाच्या लक्षातही नाही, पण त्याने १७७७ मध्ये मिश्रधातू, घासणी आणि झिलई यांची सविस्तर कृती छापून टाकली आणि त्या वर्षीचे कॉप्ली पदक मिळवले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सारे साहित्यच बदलले. काचेवर चांदीचा पातळ थर देण्याची रासायनिक रीत सापडली आणि १८५७ च्या सुमारास म्युनिकमध्ये श्टाइनहाइल व पॅरिसमध्ये लेऑन फूको यांनी तिचा दुर्बिणीसाठी उपयोग केला. फूकोने आरसा तपासण्याची एक अशी सोपी चाचणी शोधली, की तिच्यामुळे हा छंद गरिबाच्या आवाक्यात आला. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून येणारा प्रकाश आरशावर टाकायचा आणि परतणाऱ्या किरणांच्या वाटेत पाते हळूच सरकवायचे. मग आरशाच्या पृष्ठभागावरचे उंचवटे आणि खळगे सावल्यांसारखे उठून दिसतात. प्रकाशलहरीच्या छोट्या अंशाएवढी चूकही त्यात लपत नाही. आजचा हौशी माणूस दाढीच्या पात्याने हीच चाचणी करतो. न्यूयॉर्कच्या हेन्री ड्रेपरने आधी धातूचाच आरसा केला होता, पण १८६० च्या हिवाळ्यात त्याच्या आधारपेटीत शिरलेले पाण्याचे थेंब गोठून फुगले आणि आरसा दुभंगला. मग तो काचेकडे वळला आणि १८६४ मध्ये आपली सारी कृती, फसलेल्या प्रयोगांसह, स्मिथसोनियन संस्थेमार्फत प्रसिद्ध केली.

आता आपण या मागोव्यातल्या माझ्या सर्वांत आवडत्या टप्प्यावर आलो. १८६५ मध्ये लंडनला ‘इंग्लिश मेकॅनिक’ नावाचे स्वस्त साप्ताहिक सुरू झाले. कारागीर, कारकून, शिक्षक, पाद्री, घड्याळजी ते वाचत. त्याचा प्राण होता वाचकांचा पत्रव्यवहार. प्रश्नांना क्रमांक दिला जाई, पुढच्या अंकांतून इतर वाचक त्या क्रमांकाखाली उत्तरे पाठवत, आणि काही आठवडे कोणीच उत्तर दिले नाही तर तो प्रश्न अनुत्तरितांच्या यादीत पुन्हा छापला जाई. कोणाचा प्रश्न वाऱ्यावर सोडायचा नाही, असा हा शिरस्ता होता. लेथयंत्र, विजेरी, हार्मोनियम अशा विषयांच्या शेजारी आरशाचे प्रश्न असत : चांदी का सोलते, झिलई मध्येच का थांबते, कडा खाली का वळते. बरेच जण टोपणनावाने लिहीत. त्यांतला एक जाणता उत्तरदाता म्हणजे कॅप्टन विल्यम नोबल. १८९० च्या जुलैमध्ये याच साप्ताहिकात डब्लिनच्या मंक यांचे पत्र आले, की हौशी निरीक्षकांची स्वतंत्र संस्था असावी. त्याच वर्षी ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन उभी राहिली, पहिले अध्यक्ष नोबल झाले, आणि रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने तोवर बाहेर ठेवलेल्या स्त्रियांना तिथे पहिल्यापासून प्रवेश मिळाला. साध्या शंका विचारण्याच्या पानांतून एवढी मोठी संस्था जन्माला आली. आयर्लंडचे पाद्री विल्यम एलिसन यांनीही आरसे करण्यावरची आपली लेखमाला याच साप्ताहिकात लिहिली आणि १९२० मध्ये तिचे पुस्तक झाले.

१९२० हेच साल अमेरिकेतही महत्त्वाचे ठरले. व्हरमाँट राज्यातल्या स्प्रिंगफील्ड या यंत्रकारखान्यांच्या गावी रसेल पोर्टर या वास्तुकाराने आरसे करण्याचा वर्ग सुरू केला. पोर्टर तरुणपणी उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमांवर जाऊन आलेला. वर्गात बहुतेक कारखान्यातले कसबी कामगार होते, एक महिलाही होती. त्यांच्यासमोर पहिल्याच दिवशी येणारा प्रश्न आजही पहिल्याच दिवशी येतो, म्हणून आपण तो जवळून पाहू. सारख्या व्यासाच्या दोन सपाट काचेच्या चकत्या घेतात. एक पिंपावर पक्की बसवतात, तिच्यावर कार्बोरंडमची ओली पूड पसरतात आणि दुसरी चकती वर ठेवून मागे-पुढे घासतात. घासता घासता वरची चकती हातात थोडी फिरवायची आणि स्वतः पिंपाभोवती पावलापावलाने सरकायचे. काही तासांत वरची चकती खोलगट आणि खालची फुगीर होते. दोन्ही सपाट असताना वरचीच खोल का? कारण वरची चकती पुढे सरकून कडेबाहेर लोंबते तेव्हा तिचा मधला भाग खालच्या चकतीच्या कडेवर दाबला जातो. वरचीचे मध्य झिजते, खालचीची कड झिजते. आणि प्रत्येक दिशेने फिरूनही दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना चिकटून राहायचे, तर त्यांना गोलाचाच आकार घ्यावा लागतो. कागदावर वाचून हे पटत नाही. दोन चकत्यांमधला घसघस आवाज बदलताना कानांनी ऐकला, की पटते.

या स्प्रिंगफील्डकरांनी १९२३ मध्ये मंडळ स्थापन केले आणि टेकडीवर ‘स्टेलाफेन’ नावाचे घर बांधले. ‘सायंटिफिक अमेरिकन’चा संपादक अल्बर्ट इंगॉल्स तिथे गेला आणि नोव्हेंबर १९२५ मध्ये त्याने त्यांच्यावर लेख लिहिला. वाचकांची पत्रे लोटली. १९२६ च्या सुरुवातीला पोर्टरने कृती लिहिली आणि त्याच वर्षी ‘ॲमॅच्युअर टेलिस्कोप मेकिंग’ हे पुस्तक निघाले, पुढे त्याचे तीन खंड झाले. इंगॉल्स १९२८ पासून १९५५ पर्यंत नियमित सदर चालवत राहिला. त्या पुस्तकाच्या पहिल्या खंडाची रचना मला संपादनाचा आदर्श वाटते. पोर्टर आरसा करण्याची पूर्ण कृती सांगतो आणि त्याच खंडात एलिसनही तीच कृती पुन्हा अथपासून सांगतो. कोणी हिशोबी संपादक असता तर त्याने एक कापली असती. इंगॉल्सने दोन्ही ठेवल्या, कारण ज्याला पोर्टरकडून कळत नाही त्याला एलिसनकडून कळते. दुसऱ्या महायुद्धात लष्कराला दुर्बिणींसाठी अचूक लोलक कमी पडू लागले, तेव्हा हेच हौशी लोक आपापल्या तळघरांत ते घासून देऊ लागले. पोर्टर स्वतः कॅलिफोर्नियात पालोमारच्या दोनशे इंची दुर्बिणीच्या कामावर गेला होता. तिचे लोकार्पण १९४८ मध्ये झाले.

पुढचे वळण घेतले ते वेदान्ताच्या एका संन्याशाने. जॉन डॉब्सन १९१५ मध्ये बीजिंगला जन्मला, १९४४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात दाखल झाला. जहाजाच्या खिडकीच्या टाकाऊ जाड काचेचे त्याने आरसे केले. मठाला हा नाद पसंत नव्हता, म्हणून पत्रांत दुर्बिणीला तो ‘जिरेनियम’ म्हणे. १९६७ मध्ये मठ सुटला आणि पुढच्या वर्षी त्याने पदपथावरच्या निरीक्षकांचे मंडळ काढले. पुठ्ठ्याची नळी, प्लायवूडची पेटी, बिनखर्चाची बैठक असे त्याचे सगळे काम. रस्त्यावरून जाणाऱ्यांचे तेच ते प्रश्न तो रात्रीमागून रात्री ऐकत असे आणि बैठकीपासून काचेपर्यंत जे जे सोपे करता येईल ते सोपे करत असे. आज बाजारात नवशिक्यांसाठी त्याच्याच धर्तीच्या दुर्बिणी विकल्या जातात. स्मिथच्या १७३८ च्या ग्रंथावर प्रश्न मिटला असे मानले असते, तर आपण आजही तांबे-कथील वितळवत बसलो असतो. तोच प्रश्न पुन्हा आला म्हणून काच आली, चांदी गेली, १९३० नंतरच्या काळात ॲल्युमिनियमचा लेप आला, झिलईच्या लाल पुडीच्या जागी सिरियम ऑक्साइड आले.

महाराष्ट्रात हौशी खगोलशास्त्राची संघटित वाट पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेपासून सुरू होते. २२ ऑगस्ट १९४४ रोजी स्थापन झालेली ही भारतातली सर्वांत जुनी हौशी संस्था. टिळक स्मारक मंदिरातल्या तिच्या वेधशाळेने अनेक पिढ्यांना पहिले शनीचे कडे दाखवले. मुंबईच्या खगोल मंडळाने वांगणीच्या रात्रभरच्या आकाशदर्शनातून हेच केले. पुण्यात ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संशोधनसंस्थेत अरविंद परांजपे यांच्या पुढाकाराने दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा झाल्या आणि शाळकरी मुलांनी व शिक्षकांनी स्वतःच्या हाताने आरसे घासले. अशा कार्यशाळेत नवशिक्याचा सर्वांत चांगला गुरू कोण, असे मला विचाराल तर ज्याचा आरसा गेल्या महिन्यात पुरा झाला तो. तज्ज्ञाला उत्तर माहीत असते, याला अजून अडचणही आठवत असते.

आता नवा माणूस विचारतो, की तयार दुर्बीण मिळत असताना काच घासायची कशाला? आकाशच पाहायचे असेल तर विकत घ्यावी, यात मला काही वावगे वाटत नाही. ज्याला पात्याच्या सावलीत स्वतःची चूक पाहायची आहे त्याने घासावी. आणि घासणाऱ्याने परदेशी पुस्तकावर विसंबून आपला प्रश्न गिळू नये. न्यूटनचे ते पिच व्हरमाँटच्या थंडीत जसे वागते तसे नागपूरच्या मे महिन्यात वागत नाही. ते पसरते, त्यातल्या खाचा बुजतात, आरशाची कडा बिघडते. त्यात थोडी राळ मिसळून ते कडक करावे लागते, पुण्याच्या जानेवारीत उलट टर्पेंटाइनचे थेंब घालून मऊ करावे लागते. अंगठ्याचे नख रोवून किती वेळात खूण उमटते, यावरून त्याचा कस कळतो. हे प्रमाण विदर्भात वेगळे, घाटावर वेगळे, कोकणात वेगळे. ज्या मंडळात हे प्रश्न विचारले जातात, तिथे विचारणाऱ्याचे गाव, महिना आणि मिळालेले उत्तर एखाद्या वहीत उतरवून ठेवावे आणि पुढच्याने तेच विचारले तर ती वही त्याच्यापुढे उघडून त्याच्याबरोबर बसावे, अशी माझी सर्व मंडळांना विनंती आहे.