श्वास मोजून देणारी झडप

सालवडच्या परिसरात, तारापूर औद्योगिक वसाहतीच्या आसपास, वेल्डिंगच्या एखाद्या दुकानात विद्यार्थ्यांना नेले, तर ऑक्सिजनच्या टाकीवर दोन तबकड्यांचा रेग्युलेटर दिसेल. एक तबकडी टाकीतला दाब दाखवते, तर दुसरी बाहेर पडणाऱ्या वायूचा. स्वयंपाकघरातल्या गॅसचा रेग्युलेटरही याच कुळातला. पाणबुड्याच्या पाठीवरील टाकीलाही असा रेग्युलेटर असतो, पण त्याचे काम अधिक अवघड असते. मालवण-तारकर्लीला हौसेने पाण्याखाली जाणाऱ्यांपैकी काहींना पुढे स्वतःचा रेग्युलेटर घ्यावासा वाटतो. मग प्रश्न येतो: स्वस्तातला चालेल का? उत्तरासाठी या यंत्राचा इतिहास पाहणे उपयोगी ठरते.

समुद्रात दर १० मीटर खोलीला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. पृष्ठभागावर तो १ वातावरण, तर ३० मीटरवर ४ वातावरणे असतो. लांब नळी तोंडात धरून तळाशी बसता येईल, असे मुलांना वाटते. पण नळीतली हवा पृष्ठभागाच्या दाबाची असते आणि छातीवर मात्र पाण्याचा दाब पडतो. श्वासाचे स्नायू फार तर एक मीटर पाण्याइतक्या दाबाविरुद्ध हवा ओढू शकतात, आणि तेही क्षणभरच. वर्गात पुरेशी उंच, स्वच्छ, पारदर्शक नळी यू आकारात वळवून तिच्यात पाणी भरावे. एका टोकाने, गालांनी नव्हे तर छातीच्या जोराने, हवा ओढायला सांगून दोन्ही बाजूंच्या पातळ्यांतील फरक मोजावा. ही मर्यादा लगेच पटते. म्हणून पाणबुड्याला हवा त्या त्या खोलीच्या दाबानेच मिळायला हवी. शिवाय ती श्वास घेतानाच मिळावी, नाहीतर टाकी पाहता पाहता रिकामी होईल.

या दोन्ही अटी पुऱ्या करणारी युक्ती फ्रान्समध्ये १८६०च्या दशकातच सापडली होती. खाण अभियंता रूकेरोल व नौदल अधिकारी दनेरूझ यांनी एक लवचीक पडदा वापरला. त्याच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला श्वासाची हवा. श्वास घेतला की पडदा आत ओढला जाई आणि झडप उघडे. आतला दाब पाण्याइतका झाला की झडप मिटे. पण त्या काळच्या टाक्यांत फारसा दाब कोंडता येत नसे, त्यामुळे पाणबुड्या बहुधा वरच्या पंपाच्या नळीशीच बांधलेला राही. पुढे मजबूत टाक्या आल्या. तरी १९३३ मधल्या ल प्रिअर यांच्या उपकरणात झडप हातानेच फिरवावी लागे आणि बरीच हवा वाया जाई.

महायुद्धात पेट्रोल दुर्मीळ झाले. तेव्हा एअर लिक्विड कंपनीतले अभियंता एमिल गान्यां मोटारी गॅसवर चालवण्यासाठी झडप तयार करत होते. डिसेंबर १९४२ मध्ये नौदल अधिकारी झाक कुस्तो त्यांना भेटले. त्याच झडपेवरून बनवलेले उपकरण लवकरच मार्न नदीत तपासले गेले. आडवे पोहताना ते नीट चाले. उभे राहिले की हवा भसाभसा सुटे आणि डोके खाली केले की श्वास घेणे जड जाई. कारण साधे होते. उच्छ्वास बाहेर टाकणारे तोंड आणि पडदा यांच्यात सुमारे १५ सेंटीमीटरचे अंतर होते, आणि शरीर उभे वा उलटे झाले की तेवढ्याच पाण्याच्या दाबाचा फरक पडे. दोन्ही जवळजवळ आणताच दोष गेला. १९४३च्या उन्हाळ्यात भूमध्य समुद्रात हे उपकरण यशस्वी ठरले.

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला मेलबर्नच्या टेड एल्ड्रेड यांनी काम दोन टप्प्यांत विभागले. टाकीवरचा पहिला टप्पा सुमारे २०० वातावरणांचा दाब भोवतालच्या पाण्यापेक्षा नऊ-दहा वातावरणे जास्त इतपत उतरवतो, तर तोंडातला दुसरा टप्पा तो पाण्याइतका करतो. आजचे रेग्युलेटर याच घडणीचे असतात.

आता किमतीकडे वळू. सर्वांत स्वस्त पहिल्या टप्प्यात साधा दट्ट्या असतो. त्यात भाग थोडे आणि दुरुस्ती सोपी. टाकी रिकामी होत आली की श्वास किंचित जड होतो, एवढीच उणीव. १८ मीटरपर्यंतच्या हौशी बुडीला तो पुरतो. 'संतुलित' रचनेत टाकीतल्या दाबाचा परिणाम जाणवत नाही. खोलवर, दमछाक होत असताना, हा फरक महत्त्वाचा ठरतो. पडद्याच्या रचनेत आतले भाग पाण्यापासून वेगळे राहतात, म्हणून गाळ-वाळूच्या पाण्यात ती बरी. जादा पैशांत मिळते ती मुख्यतः श्वासाची सहजता. मूळ सुरक्षितता प्रमाणित स्वस्त रेग्युलेटरमध्येही असते.

म्हणून आमच्या मते घेण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात: युरोपीय मानक ईएन २५० ची नोंद, जवळपास सुटे भाग व देखभालीची सोय, आणि आपल्या टाकीशी जुळणारी जोडणी. दरवर्षीची देखभाल टाळून केलेली बचत महागात पडते.

शेवटी एक इशारा विद्यार्थ्यांना जरूर द्यावा. वेल्डिंगचा रेग्युलेटर वा कारखान्याच्या कॉम्प्रेसरची हवा पाण्याखाली कधीही वापरू नये. त्या हवेत तेलाची वाफ व कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. शुद्ध ऑक्सिजन तर सुमारे सहा मीटरच्या खाली झटके आणू शकतो.