जुन्या पद्मिनी मोटारीचें चढावरील अडखळणें : एक निदानविचार

पोथींतील ओळीचा अर्थ लागत नाहीं म्हणून ती खरवडून तेथें स्वतःचा पाठ लिहिणाऱ्यास आपण संशोधक म्हणत नाहीं. परंतु चढावर इंजिन फटफटतें म्हणून मूळ कार्बोरेटर भंगारांत टाकणाऱ्यास मात्र कुशल कारागीर म्हणतों. हस्तलिखितांप्रमाणें आतां जुन्या मोटारीही संग्राहकांच्या घरीं येऊं लागल्या आहेत. तेव्हां या विषयाचा विचार येथें करणें अप्रस्तुत होणार नाहीं.

प्रथम वस्तूची ओळख. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं 1944 सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ला येथील कारखान्यांत इटलीच्या फियाटची 1100 जातीची गाडी तयार होऊं लागली, व 1974 पासून तीस ‘पद्मिनी’ हें नांव मिळालें. इंजिन चार सिलिंडरांचें, 1089 घनसेंटिमीटरांचें. उत्पादन 2000 च्या सुमारास थांबलें. मुंबईंतील शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजीं नोंदली गेली, आणि 20 वर्षांची मुदत भरल्यामुळें 30 ऑक्टोबर 2023 पासून ती रस्त्यावरून गेली. टॅक्सींबरोबर त्यांचे मिस्त्रीही पांगले. त्यांची विद्या कानाची व बोटांची होती. ती फारशी लेखनिविष्ट झाली नाहीं, ही हानि गाड्यांच्या हानीहून मोठी होय.

बदलापुराहून बारवी धरणाकडे जाणारा रस्ता चढउतारांचा आहे, व प्रस्तुत विकार पाहण्यास तो सोयीचा आहे. माझ्या परिचयाच्या एका संग्राहकाची पद्मिनी सपाटीवर विनातक्रार चाले. चढ लागतांच चालकानें पाय दाबला कीं इंजिन आवंढा गिळल्यासारखें थबके, दोनचार धक्के देई, आणि मग सांवरे. एका कारागिरानें प्लग बदलले. गुण आला नाहीं. दुसऱ्यानें कार्बोरेटरच नवा घालावा असें सुचविलें.

माधवकराच्या ‘रोगविनिश्चय’ ग्रंथांत, म्हणजे लोकप्रसिद्ध माधवनिदानांत, रोगज्ञानाचीं पांच साधनें सांगितलीं आहेत : निदान, पूर्वरूप, रूप, उपशय व संप्राप्ति. त्यांतील उपशय म्हणजे अल्पसा उपचार करून पाहणें व त्यानें सुख होतें कीं दुःख वाढतें यावरून रोग ओळखणें. मोटारीच्या बाबतींत या पांचांपैकीं उपशयच सर्वांत उपयोगी, असें माझें मत आहे. कारण रूप फसवें असतें. जवळच्याच अंबरनाथ येथील शिवालयाच्या शिलालेखाचा शक प्रथम 782 असा वाचला गेला होता व पुढें तो 982 ठरला. एका अंकानें दोनशें वर्षांचें अंतर पडलें. अडखळण्याचेंही तसेंच आहे. पेट्रोल कमी पडलें तरी इंजिन अडखळतें, अधिक झालें तरी अडखळतें, आणि ठिणगी क्षीण असली तरीही अडखळतें.

आतां संप्राप्ति, म्हणजे विकार घडतो कसा तें पाहूं. एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनानें सुमारें 14.7 भाग हवा लागते. कार्बोरेटरच्या आंखूड गळ्यांतून हवा वेगानें जातांना तेथील दाब उतरतो, व त्या ओढीनें जेटमधून पेट्रोल वर येतें. परंतु पाय एकाएकीं दाबला असतां हवा हलकी म्हणून तत्काळ धांवते. पेट्रोल जड म्हणून मागें राहतें. शिवाय नळींतील निर्वात कमी झाल्यानें कांहीं पेट्रोल बाष्परूप सोडून भिंतींस चिकटतें. ही क्षणिक उणीव भरून काढण्यासाठीं सोलेक्स कार्बोरेटरांत एक लहान पंप असतो. पायाबरोबर त्याचा पडदा दबतो व गळ्यांत पेट्रोलची बारीक धार सुटते.

त्या गाडींत उपशय असा केला. चढावर चोकची कळ अर्धी ओढली. अडखळणें जवळजवळ थांबलें. म्हणजे उणीव पेट्रोलची होती. दोष अधिक पेट्रोलचा असता तर चोकनें तो वाढला असता, मागें काळा धूर दिसला असता व प्लगांवर काजळी सांपडली असती. पुढें इंजिन बंद व थंड असतां हवेची गाळणी काढून कळ हातानें हलविली. गळ्यांत धार दिसावयास हवी होती, ती दिसली नाहीं. पंप उघडल्यावर पडदा चिरलेला निघाला. नवा पडदा घातला आणि गाडी धरणापर्यंत न अडखळतां गेली.

प्रत्येक गाडींत पडदाच फुटलेला असतो असें मात्र नव्हे. पाय दाबण्याच्या क्षणीं न अडखळतां लांब चढाच्या अर्ध्यावर गाडी दम टाकूं लागली, तर पेट्रोलचा पुरवठा पाहावा : गाळणी, मुख्य पंप, फ्लोटची पातळी, आणि टांकीच्या झांकणांतील हवेचें छिद्र. छिद्र बुजलें असल्यास झांकण सैल करतांच गाडी सुधारते, हाही उपशयच. चोक ओढूनही फरक पडत नसेल व धक्के भार येतांच नियमित बसत असतील, तर विजेकडे वळावें. भाराखालीं सिलिंडरांतील दाब वाढतो व ठिणगीस अधिक जोर लागतो.

अलीकडे आणखी एक कारण उद्भवलें आहे. 2025 पर्यंत देशांतील पेट्रोलांत 20 टक्के इथेनॉल मिसळलें जाऊं लागलें. इथेनॉल जुन्या रबरास मानवत नाहीं. शिवाय त्यास जळण्यास वजनाच्या सुमारें 9 पटच हवा लागते, म्हणून जुन्या मापाच्या जेटनें मिश्रण आपोआप विरळ होतें. यावर कित्येक जण जेटचें भोंकच कोरून मोठें करतात. सोलेक्सच्या जेटवर त्याच्या छिद्राचें माप मिलिमीटरच्या शतांशांत कोरलेलें असतें. भोंक वाढविलें कीं तो अंक खोटा होतो, आणि पुढील अभ्यासकास मूळ माप कळण्याचा मार्ग उरत नाहीं. मोठा जेट हवाच असेल तर निराळा घ्यावा, व मूळचा जेट, त्यावरचा अंक टिपून, गाडीच्या कागदपत्रांत ठेवावा.