तंबोरा कुठे गेला?

चार महिन्यांपूर्वी बाबांच्या दोन्ही कानांत नवी डिजिटल यंत्रं आली. दाराची बेल, बातम्या, नातीची बडबड, सगळं ऐकू येऊ लागलं. घर खूश! परवा त्यांनी हौसेनं भीमसेनांचा पूरिया धनाश्री लावला आणि दहा मिनिटांत बंद केला. "तंबोरा कुठे गेला रे? आणि सूर असा थरथरतोय का?" त्यानंतर त्यांनी गाणं लावलंच नाही. सवाईच्या मंडपात रात्री जागवलेला माणूस हा. मला राहवेना, म्हणून वाचत बसलो.

तर मंडळी, कानाच्या यंत्राचा इतिहास हा बोलण्याचा इतिहास आहे, गाण्याचा नाहीच. बीथोवनसाठी मेल्झेलनं (तोच, मेट्रोनोमवाला) धातूचे कर्णे बनवून दिले. पण १८१८ पासून बीथोवनला समोरच्याचं बोलणं वहीत लिहून घ्यावं लागलं. जिथे बोलणं पोचेना तिथे गाणं काय पोचणार?

विजेची यंत्रं आली ती विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, टेलिफोनच्याच कार्बन मायक्रोफोनच्या जोरावर. टेलिफोनवर गाणं कसं लागतं ते आपण जाणतोच. मग व्हॉल्व्ह आले. १९५२ च्या अखेरीस ट्रान्झिस्टर आला, तोही खिशातल्या रेडिओच्या आधी कानाच्या यंत्रात! १९९६ च्या सुमारास पूर्ण डिजिटल यंत्रं बाजारात आली. प्रत्येक पायरीवर प्रश्न एकच: समोरचा काय बोलतोय ते कळतंय का?

एक ठळक अपवाद म्हणजे मीड किलियन हा अमेरिकन संशोधक. १९७९ सालचा त्याचा प्रबंधच हाय-फाय श्रवणयंत्रांवर होता. पुढे त्याच्या के-अँप सर्किटनं हळू आवाज तेवढे वाढवले आणि मोठे आवाज न फाडता जसेच्या तसे आत सोडले. पण ते अ‍ॅनालॉग होतं. डिजिटलच्या लाटेत मागे पडलं.

आणि डिजिटलची हुशारीच गाण्याच्या मुळावर आली. बोलणं अक्षरागणिक कमी-जास्त होतं. म्हणून जे एकसारखं वाजत राहतं ते गोंगाट, असं यंत्राला शिकवलेलं. पंखा, गाडीचं इंजिन... आणि तंबोरा! बिचारं यंत्र इमानेइतबारे तंबोरा पुसत होतं. लांबवलेला षड्ज त्याला स्वतःचीच शिट्टी वाटते, मग ते उलटा सूर सोडून तो खोडू पाहतं, म्हणून थरथर. शिवाय साधं बोलणं असतं ६५ डेसिबलच्या आसपास, तर मैफलीतला आवाज सहज १०० च्या वर जातो. १६ बिटांच्या यंत्राची झेप साधारण ९६ पर्यंत. त्यापुढचं दारातच फाटतं, मग आत कितीही सेटिंग करा.

हे सगळं कागदावर लिहून आम्ही यंत्र बसवून देणाऱ्याकडे परत गेलो. त्यानं आधी कधी विचारलंच नव्हतं की आजोबा गाणं ऐकतात का. आम्हीही सांगितलं नव्हतं. संगीतासाठी वेगळा प्रोग्राम करून घेतला: गोंगाट कमी करणं बंद, शिट्टी रोखणं अगदी जुजबी. मार्शल चेसिन या कॅनडातल्या ऑडिऑलॉजिस्टची एक फुकटची युक्तीही केली. म्युझिक सिस्टीमचा आवाज कमी, कानातल्या यंत्राचा जास्त.

काल संध्याकाळी पुन्हा पूरिया धनाश्री लावला. बाबा डोळे मिटून बसले होते. मी दारात उभा, परीक्षेच्या निकालासारखा. बऱ्याच वेळानं म्हणाले, "जवारी पूर्वीची नाही. पण षड्ज जागेवर आहे."

रेकॉर्ड संपेपर्यंत उठले नाहीत.

असो. तुमच्याही घरी कुणी यंत्र लावल्यापासून गाणं सोडलं असेल, तर वयावर ढकलू नका. एकदा विचारा, तंबोरा ऐकू येतो का?