बिऱ्हाड पाठीवर

करमाडला जालना रोडला लागून माझं बॉडीबांधणीचं वर्कशॉप आहे. ट्रॉल्या, टँकर, पिकअपचे हौदे, असलं काम. अलीकडं मात्र वेगळंच गिऱ्हाईक येऊ लागलंय. टेम्पो ट्रॅव्हलरच्या सीटा काढायच्या, तिथं पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवायची, टपावर सोलर टाकायचं आणि अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत समुद्राच्या काठाकाठानं हिंडायचं. (आधी आरटीओचे कागद, मग वेल्डिंग, हे मी प्रत्येकाला बजावतो.) 2021 साली राज्य सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून चौकशा जास्तच. परवा संभाजीनगरहून आलेला एक पोरगा म्हणाला, "काका, आपल्याकडं असं घर घेऊन फिरायची पद्धतच नव्हती." मी प्लायचं माप घेत होतो म्हणून गप्प बसलो. पण करमाडच्या माणसानं हे ऐकून घ्यायचं म्हणजे कमालच झाली.

आमच्या या पट्ट्यातून जुन्या काळी एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंतची वाट जायची. सुरतेच्या बंदरातून निघायचं, नवापूर, दौलताबाद, औरंगाबाद करत गोवळकोंडा गाठायचा आणि तिथून पूर्वेला मच्छलीपट्टणच्या बंदराला उतरायचं. जाँ-बाप्तिस्त तावर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या हिऱ्यांच्या ओढीनं सतराव्या शतकात या वाटेनं गेला. औरंगाबाद सोडल्यावर त्याच्या मुक्कामांत अंबड आहे, आष्टी आहे, नांदेड आहे. करमाड नाही. पण अंबड इथून चाळीस-पन्नास किलोमीटर, म्हणजे परकं नव्हे.

तावर्निए व्यापारी, त्यामुळं देवळांपेक्षा दर नीट लिहितो. मला तो आवडतो तो त्यासाठीच. भाड्याची बैलगाडी दिवसाला साधारण एक रुपया. सुरतेहून आग्रा 35 ते 40 दिवसांची वाट, सगळ्या प्रवासाचे 40 ते 45 रुपये. गोवळकोंड्यालाही जवळपास तेवढेच दिवस आणि तेवढेच पैसे. स्वतःच्या गाडीसाठी त्यानं बैलजोडी घेतली ती मात्र 600 रुपयांच्या आसपास. असे बैल दुडक्या चालीनं साठ-साठ दिवस वाट तोडतात, असं तो सांगतो, आणि त्यांचा खुराकही: अर्धी मजल झाली की लोणी आणि काळा गूळ घालून मळलेल्या गव्हाच्या कणकेचे दोन-तीन गोळे, संध्याकाळी भरडून अर्धा तास भिजवलेले हरभरे. आमच्या आज्याच्या बैलांना एवढं कौतुक पोळ्याच्या दिवशीच वाट्याला यायचं.

नवापूरच्या तांदळाचा वास कस्तुरीसारखा असतो, हेही त्यानं टिपून ठेवलंय. आणि एकदा औरंगाबाद पाच मजला उरलं असताना त्याला 300 हून जास्त गाडे भेटले, संगमरवरानं लादलेले. सगळ्यांत लहान गाड्यालाही बारा बैल. हा दगड बीबी का मकबऱ्यासाठी चालला होता. आमच्या जालना रोडवर पवनचक्कीचं पातं नेणारा ट्रेलर आला की सगळी वाहतूक खोळंबते. तसे तीनशे एका मागोमाग.

पण तावर्निए काय, पाहुणा. गाडी त्याची, घर त्याचं पॅरिसला. ज्यांचं खरोखर विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर होतं ते लोक त्याला वाटेत भेटत आणि त्याची गाडी अडवत. बंजाऱ्यांचा तांडा. आमच्याकडं लमाण म्हणतात. दहा-बारा हजार बैलांचा तांडा अरुंद वाटेवर समोरून आला, की तो पूर्ण पुढं जाईपर्यंत कधी कधी दोन-तीन दिवस थांबून राहावं लागे. बैलाच्या पाठीवर कंठाळ, दोन्ही बाजूंना गोण्या. बायका, पोरं, म्हातारीकोतारी, भांडीकुंडी, सगळं सोबत. मागं गाव नाही, शेत नाही, घराची कडी लावून निघायचा प्रश्नच नाही.

तावर्निए त्यांचे चार गट सांगतो. कुणी धान्य वाहणारे, कुणी तांदूळ, कुणी डाळी आणि चौथे मीठवाले. या मीठवाल्यांच्या गळ्यात म्हणे मिठाचा खडा भरलेली पिशवी असायची, चार-पाच किलोपर्यंत वजनाची. खडा जितका जड तितका मान जास्त. सकाळी प्रार्थनेआधी तीच पिशवी पोटावर आपटून घ्यायची, प्रायश्चित्त म्हणून. जवाहिऱ्याच्या नजरेतून सुटलेलं पुष्कळ असणार, ऐकीवही असणार, पण वजन मात्र तो चुकायचा नाही. दोन तांडे समोरासमोर आले की आधी वाट कुणी सोडायची यावरून रक्त सांडायचं. व्यापार बसतोय म्हटल्यावर मोगल बादशहानं नायकांना बोलावून समजूत काढली आणि प्रत्येकाला लाख रुपये आणि मोत्यांचा कंठा दिला, असंही तो लिहितो. साइड देण्यावरून आजही रोज भांडणं होतात. कंठा कुणी देत नाही.

कोकणच्या मिठागरांचं मीठ घाट चढून देशावर यायचं ते अशाच बैलांच्या पाठीवरून, आणि वरचं धान्य खाली जायचं. समुद्रापासून तीनशे किलोमीटर आत राहणाऱ्या आमच्या पूर्वजांच्या भाकरीला समुद्राची ओळख होती ती एवढीच.

आता चालीचं बघा. पीटर मंडी नावाच्या इंग्रजाला 1632 साली उत्तर हिंदुस्थानात चौदा हजार बैलांचा तांडा भेटला. दिवसाला फार तर सहा-सात मैल, तेही उन्हं नसताना. त्या चालीनं करमाडहून औरंगाबादला दोन दिवस लागले असते. त्याला आळस म्हणू नका. मुक्कामाला गोण्या उतरवायच्या आणि बैल चरायला मोकळे सोडायचे. रान मुबलक, अडवणारं कोणी नाही. चारा फुकट म्हणून वाहतूक स्वस्त. गाडीवानाला वैरण विकत घ्यावी लागायची, लमाणाला नाही. सगळा धंदा त्या मोकळ्या गायरानावर उभा होता, आणि ही गोष्ट मला त्या लाख रुपयांपेक्षा आणि कंठ्यापेक्षा मोठी वाटते.

सैन्यंसुद्धा त्यांच्याच जिवावर चालली. इंग्रज-मराठा युद्धात 1803 च्या ऑगस्टअखेर आर्थर वेलस्ली औरंगाबादेत आला. 21 सप्टेंबरला बदनापूरला, म्हणजे इथून पंधरा-वीस किलोमीटरवर, त्याची आणि कर्नल स्टीव्हन्सनची भेट झाली. दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी पुढं सरकायचं ठरवलं. 23 तारखेला असईची लढाई. पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा हाच वेलस्ली. त्याच्या पत्रांत तोफांइतकेच बैल आहेत. बैल दमले की लढाई बसली, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि फौजेच्या मागं धान्याच्या गोण्या घेऊन चालणारे बंजारे सांभाळून ठेवायची तो धडपड करायचा. असईला दरसाल अभ्यासक येतात, नकाशे काढतात. तांडा त्या नकाशात कुठंच नसतो.

मग 1900 च्या सुमारास निजामाच्या राज्यात मनमाड ते सिकंदराबाद मीटर गेज रेल्वे झाली. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे. आमच्या करमाडला स्टेशन आलं, आणि मीठ वॅगनमधून उतरू लागलं. चौदा हजार बैलांचं काम इंजिनानं घेतलं. तिकडं इंग्रजी मुलखात 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला. त्याचा पसारा वाढत गेला आणि बंजाऱ्यांचे अनेक गट त्यात ओढले गेले. ज्यांच्या भरवशावर फौजा पोसल्या, त्यांनी हिंडणं हाच संशय. स्वातंत्र्यानंतर, 31 ऑगस्ट 1952 ला, या जमाती विमुक्त झाल्या. मराठवाड्यात गावोगावच्या शिवारात आज जे तांडे दिसतात ते थांबलेल्या लोकांचे आहेत. थांबले तेव्हा चांगली जमीन आधीच वाटली गेली होती. उरला माळ आणि बरड.

माळावर पोट भरत नाही, म्हणून पुन्हा हिंडणं आलंच. दिवाळी झाली की भोकरदन, बदनापूरकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या याच रस्त्यानं नगरकडच्या कारखान्यांना जातात. बंजारा आहेत, इतरही आहेत. हिशेब कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या. त्यात ज्वारी-बाजरीची पोती, लोखंडी चूल, कोपीसाठी बांबू आणि ताडपत्री, डालग्यात कोंबड्या, एखादी शेळी, वर पोरं. पाच-सहा महिन्यांचं घर.

या ट्रॉल्या माझ्याकडं हमखास येतात. वजनानं पाटा तुटतो, हूक वाकतो, फाळक्याची बिजागरी निघते. बाया तेवढ्यात आवाराच्या कडेला तीन दगड मांडून भाकरी टाकून घेतात, पोरं पाण्याच्या टाकीशी. मुकादम मात्र माझ्या डोक्यावर उभा. उचल त्यानं पावसाळ्यातच वाटलेली असते, कारखान्याचा मोळी टाकायचा दिवस ठरलेला असतो, आणि संध्याकाळच्या आत जोड पक्का करून द्या म्हणून तो दर पाच मिनिटांनी विचारत असतो.