दुरावलेले घर आणि नाताळ

'नाताळ' हा शब्द मराठीने आणि कोकणीने पोर्तुगीजांकडून घेतला. मूळ भाषेत त्याचा अर्थ जन्माशी निगडित आहे. परंतु लोकमानसात हा सण जितका जन्माचा, तितकाच घरी परतण्याचाही झाला आहे. युरोपात व अमेरिकेत नाताळाच्या ज्या कथा लिहिल्या गेल्या, त्यांतील पुष्कळशा दुरावलेल्या माणसांच्या भेटीच्या आहेत. चार्ल्स डिकन्सची 'अ ख्रिसमस कॅरल' ही कथा १८४३ साली प्रसिद्ध झाली. तीतील कृपण नायक एका रात्रीत पालटतो आणि दुसऱ्या दिवशी भाच्याच्या घरी जेवावयास जातो. आज दूरचित्रवाणीसाठी जे नाताळचे चित्रपट निघतात, त्यांचा साचाही बहुधा हाच असतो. वर्षांपूर्वी कोणी रुसून घर सोडलेले असते; सणाच्या रात्री दार वाजते; डोळे भरून येतात; आणि जेवणाच्या मेजावर रिकामी राहिलेली जागा भरून निघते.

या सर्व कथांचे मूळ शोधू गेल्यास ते लूकच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायातील उधळ्या पुत्राच्या दृष्टांतापर्यंत जाते. तेथे वाट चुकलेला मुलगा परततो आणि बाप त्याने क्षमा मागण्याचीही वाट न पाहता धावत जाऊन त्याला मिठी मारतो. दृष्टांतात दोषी कोण आणि क्षमा करणारा कोण, याविषयी संदेह नाही. प्रत्यक्ष संसारात मात्र प्रश्न इतका सरळ नसतो. घर सोडणाऱ्याला वाटते की आपण सत्याच्या मागे गेलो. मागे राहिलेल्याला वाटते की आपल्याला टाकून दिले. दोघांनाही आपापली बाजू खरी वाटते. अशा वेळी पुनर्मीलन घडते ते कशाच्या बळावर?

बीदरसारख्या जिल्ह्यात राहणाऱ्याला हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य मोडले, तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. बीदर, भालकी, हुमनाबाद हा भाग म्हैसूरकडे आला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. जहिराबाद व नारायणखेड आंध्रास मिळाले. लेक एका राज्यात आणि माहेर दुसऱ्या राज्यात, अशी कित्येक घरे झाली. धर्माच्या बाबतीतही हा मुलूख एकरंगी नाही. मंगळपेठेतील मेथॉडिस्ट चर्च, बसवकल्याणची शरणपरंपरा, अष्टूरचे बहमनी सुलतानांचे मकबरे आणि हुमनाबादेजवळचे माणिकनगर ही सर्व एकाच जिल्ह्यात नांदतात.

माणिकनगरचे माणिकप्रभू यांचा जन्म १८१७ साली दत्तजयंतीच्या दिवशी लाडवंती येथे झाला. लहानपणीच ते कल्याणच्या मामांच्या घरातून बाहेर पडले आणि पुष्कळ काळ भ्रमंतीत राहिले. पुढे १८४५ च्या सुमारास हुमनाबादेजवळ त्यांचा मुक्काम स्थिर झाला, तेव्हा आई बयादेवी आणि बंधू तेथे येऊन राहिले. घर सोडून गेलेला मुलगा घरी परतला नाही. घरच त्याच्याकडे आले. सर्व मतांना आपले मानणारा त्यांचा सकलमत संप्रदाय तेथे रुजला. दत्तजयंती मार्गशीर्षात, म्हणजे बहुधा डिसेंबरात, येते. त्यामुळे एकाच ऋतूत माणिकनगरी यात्रेकरूंची दाटी होते आणि मंगळपेठेत नाताळची तयारी चालते.

परंतु प्रभूंच्या बाबतीत घराला धर्माची भिंत ओलांडावी लागली नव्हती. जेथे ती ओलांडावी लागली, अशा पुनर्मीलनाची सर्वांत सविस्तर मराठी साक्ष पश्चिमेकडे नाशिक आणि अहमदनगरच्या बाजूस सापडते. ती म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या संसाराची हकीकत.

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. लक्ष्मीबाई १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर येथे गोखल्यांच्या घरी जन्मल्या. त्यांच्या वडिलांचे सोवळे इतके कडक होते की, बाजारातून आलेले धान्य धुतल्यावाचून घरात येत नसे. १८८० साली विवाह झाला, तेव्हा वधू बारा वर्षांच्या आतबाहेर होती. टिळक कवी, वक्ते, उदार आणि अतिशय लहरी होते. हाती आलेला पैसा ते सहज देऊन टाकीत. मनात आले की न सांगता घरातून निघून जात. आपला नवरा अचानक नाहीसा होतो आणि पुन्हा येतो, या गोष्टीची लक्ष्मीबाईंना धर्मांतराच्या फार आधीपासून सवय झाली होती.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाने टिळकांशी संभाषण करून त्यांना नव्या कराराची प्रत दिली.  पुस्तक वाचता वाचता टिळकांचे मन वळले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नीची संमती तर राहोच, तिला समक्ष सांगण्याचे धैर्यही त्यांना झाले नाही. बातमी कळली तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पदरी लहानगा दत्तू होता. त्या काळच्या ब्राह्मण घरात धर्मांतर करणारा मनुष्य मेल्यासारखाच मानला जाई. आणि नवरा जिवंत असता मेल्यासारखा होणे ही स्थिती वैधव्याहूनही अवघड, कारण तिला धड नावही नव्हते.

येथे त्या काळचा कायदाही ध्यानात घेतला पाहिजे. १८६६ च्या एकविसाव्या कायद्याने ख्रिस्ती झालेल्या नवऱ्याला अथवा बायकोला एक वाट मोकळी केली होती. जोडीदाराने धर्मांतराच्या कारणावरून सहा महिने सहवास नाकारला, तर न्यायालयाकडे जावे. न्यायालयाने जोडीदाराचे म्हणणे ऐकून विचारासाठी एक वर्षाचा अवधी द्यावा. आणि तरीही नकार कायम राहिला, तर विवाह मोडून नव्याने लग्न करण्याची मोकळीक द्यावी. म्हणजे दीड-दोन वर्षांत टिळकांना नवा संसार थाटता आला असता. त्यांनी ती वाट धरली नाही. ते पत्रे लिहीत राहिले आणि वाट पाहत राहिले. लक्ष्मीबाई आप्तांच्या आधाराने दिवस काढीत होत्या. त्यांत काही काळ त्यांचा मुक्काम पंढरपुरास होता. आप्तांनीही त्यांना टाकले नाही, ही गोष्ट विसरता येत नाही. दुःखाच्या त्या वर्षांत त्या कविता करू लागल्या. ज्यांना अक्षरओळख लग्नानंतर नवऱ्याकडून झाली, त्यांनी त्याच्या विरहात काव्य रचावे, हा योग मोठा विलक्षण होता.

ताटातूट चार वर्षांहून अधिक टिकली. पुढे लक्ष्मीबाई अहमदनगरास आल्या. टिळक तेथील अमेरिकन मराठी मिशनच्या पाठशाळेत शिकवीत होते. नाताळच्या चित्रपटात येथे कथा संपली असती. पती-पत्नी भेटले, आता पडदा पडावा. वस्तुतः खरी कथा येथून सुरू होते. लक्ष्मीबाई ख्रिस्ती होण्यासाठी आल्या नव्हत्या. त्यांनी आपले सोवळे सोडले नाही. आपले पाणी आणि आपला स्वयंपाक वेगळा ठेवला. टिळकांनीही धर्माचा आग्रह धरला नाही. ज्या माणसाने स्वतःचा धर्म बदलताना घरच्यांचा विचार पुरेसा केला नव्हता, तोच माणूस आता बायकोच्या चुलीची मर्यादा पाळू लागला. त्याच्या ठायी झालेला पालट पाहावयाचा असेल, तर तो बाप्तिस्म्याच्या दिवशी नव्हे, येथे पाहिला पाहिजे.

त्यानंतर बिऱ्हाड राहुरीस गेले. १८९९-१९०० चा तो भयंकर दुष्काळ होता. चहूकडे भुकेली माणसे आणि पोरकी मुले दिसत होती. राहुरीस असताना एके दिवशी लक्ष्मीबाईंच्या मनात प्रश्न उभा राहिला की, जाती देवाने केल्या की माणसाने? विचार करता करता उत्तर त्यांचे त्यांनाच मिळाले. जन्म आणि मृत्यू सर्वांचे सारखेच. तेव्हा हा भेद माणसाचा. त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याची त्यांची तयारी झाली. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्या वेळीही त्या ख्रिस्ती झाल्या नव्हत्या. प्रथम त्या नवऱ्याकडे आल्या. मग जातिभेद गळाला. आणि त्यानंतर, १९०० साली, त्यांनी आपल्या निश्चयाने बाप्तिस्मा घेतला. हा क्रम उलटा असता, म्हणजे धर्मांतर ही घरी येण्याची अट असती, तर ते मीलन न ठरता शरणागती ठरली असती.

या दुसऱ्या संसाराला फळेही तशीच आली. अहमदनगरच्या त्यांच्या घरात पाहुण्यांना, पोरक्या मुलांना आणि होतकरू कवींना सदैव थारा असे. बालकवी ठोंबरे तेथे घरच्यासारखे राहिले. टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग, भजन आणि कीर्तन आणले. मराठी माणसाने ख्रिस्ताकडे आपल्याच भाषेच्या वाटेने जावे, हा त्यांचा ध्यास होता. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही स्थान होते. बीदरच्या वाचकाला 'दरबार' हा शब्द ऐकताच माणिकनगरच्या प्रभुदरबाराची आठवण होईल. नामसाम्यापलीकडे दोहोंत संबंध जोडण्याचे कारण नाही; तरी दोन भिन्न मार्गांनी गेलेल्या पुरुषांना आपल्या आदर्श समाजासाठी एकच प्रतिमा सुचावी, यात या भूमीचा स्वभाव दिसतो. ज्याने आपल्या घरात वेगळी चूल मान्य केली होती, त्याच्या दरबाराचे दार अरुंद असणे शक्यच नव्हते.

टिळक ९ मे १९१९ रोजी वारले. त्यांनी आरंभलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे राहिले होते. लक्ष्मीबाईंनी त्याचे ६४ अध्याय लिहिले. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले होते. तीनशे वर्षांनी तोच विषय मराठीत पुन्हा मांडण्याचे काम, एके काळी ख्रिस्ताच्या नावाने संसार उद्ध्वस्त झाला म्हणून रडलेल्या स्त्रीने हाती घेतले. त्यांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाले. १९३६ साली त्यांचा अंत झाला. पुढे विजया मेहता यांनी या पुस्तकावरून दूरदर्शनसाठी चित्रपट केला, आणि ज्यांनी पुस्तक वाचले नव्हते त्यांच्याही घरात ही कथा पोहोचली. तेव्हा दुरावा आणि भेट यांची दूरचित्रवाणीवरील कथा मराठीला परकी नाही. फरक इतकाच की, आपल्या कथेत बर्फ नाही, दुष्काळ आहे. आणि ती एका रात्रीत संपत नाही.

'स्मृतिचित्रे' वाचताना सर्वांत आश्चर्य वाटते ते त्यातील विनोदाचे. लक्ष्मीबाईंनी टिळकांचा दोष झाकला नाही, आपला हट्टही झाकला नाही. आणि दोहोंकडे पाहून त्या हसल्या आहेत. क्षमा म्हणजे विसरणे असा आपला सर्वसाधारण समज असतो. या बाईंना सर्व आठवत होते, अगदी बारीकसारीक तपशिलासह. केवळ त्या आठवणीतील विष गेले होते.

आज सीमेच्या या बाजूस आणि त्या बाजूस अशी घरे आहेतच, जेथे कोणी परधर्मात वा परजातीत लग्न केले, कोणी वेगळ्या प्रार्थनामंदिरात जाऊ लागले, आणि मग सणाच्या पंक्तीतून त्याचे नाव गळाले. अशा घरांत परतणाऱ्यापुढे बहुधा अट ठेवली जाते: आधी आमच्यासारखा हो, मग ये. टिळकांच्या घराचा इतिहास सांगतो की, अट न घालता दिलेली जागाच टिकते. आधी पाट मांडावा. ताट वेगळे हवे असेल तर वेगळे वाढावे. आणि बाकीचे काळावर सोपवावे. काळाने तरीही मते जुळवली नाहीत, तर निदान पंक्ती तरी मोडलेली नसते. नाताळ असो वा दत्तजयंती, सणाच्या दिवशी घराकडून याहून अधिक मागणे कठीण आहे, आणि याहून कमी देणे घराला शोभणारे नाही.